दुसऱ्या प्रतीची किटली

सेंदाई स्टेशनासमोर, आठव्या मजल्यावर, रक्तदान केंद्र.
खरं सांगायचं तर मी फुकटच्या आइस्क्रीमसाठी गेले.
नर्सने बोट टोचलं, थेंब यंत्राला पाजला,
आकडा बघून मान एवढीशी कलती केली:
अकरा पूर्णांक एक.
"या वेळी राहू द्या हं, ओइकावासान."
जसं काही मीच हट्ट धरून बसले होते.
आइस्क्रीम मात्र दिलं. हिरव्या चहाचं.

सोबत गुलाबी कागदाची घडी.
तुमच्या वयाच्या बाईला दिवसाला साडेदहा मिलिग्रॅम लोह,
पुरुषाला सात-साडेसात.
वरचे तीन कशासाठी, ते लिहिलं नव्हतं,
तिथे एक छोटा चंद्र काढला होता.
तेविसाव्या वर्षीही लोक आपल्याशी चित्रांत बोलतात.

मी मोरिओकाच्या ओतारीची पोर.
आमच्या घरात लोखंड भाताच्या आधी यायचं.
साच्याच्या ओल्या मातीत बाबा एकेक गार दाबत,
एका किटलीला दोन-अडीच हजार ठिपके,
मोजदाद चुकली की मला विचारत,
आणि मी तोंडाला येईल तो आकडा ठोकून देई.
उशीवर काजळी, खिडकीच्या फटीत काजळी,
नाक शिंकरलं तर रुमालावर भट्टी.
एवढ्या लोखंडातून मी कोरडी कशी निघाले?
दिव्याखाली अंधार म्हणतात. भट्टीखाली पंडुरोग.

तशी उत्तरं आहेत माझ्यापाशी.
सकाळी नुसती कॉफी. दुपारी भाताचा एक त्रिकोण,
कारण शेजारच्या टेबलावरची मिनाहो एकच खाते.
उन्हात छत्री, छत्रीखाली टोपी, कोपरापर्यंत हातमोजे;
ड जीवनसत्त्वाने मला ओळखावं तरी कसं?
रात्री पाकिटातल्या गोळ्या: ब, क, ड, पुन्हा बारा नंबरी ब,
बाराखडी गिळून झोपते.
जिन्यात तिसऱ्या मजल्यावर
भिंतीला टेकून फोन बघायचं नाटक करते.

बाबांना आकडा सांगितला.
बराच वेळ गप्प. मग, धंद्याच्या आवाजात:
"ओततानाच कमी पडलं, की नंतर गळतंय?"
"नंतर," मी म्हटलं. "दर महिन्याला."
पलीकडे कुणीतरी हातोडा खाली ठेवला.

आठवड्याने खोकं आलं.
किटली. दुसऱ्या प्रतीची,
चोचीपाशी तीन गारा वितळून एक झालेली,
दुकानात न जाणारी.
चिठ्ठीत अक्षरं कानशीने घासल्यासारखी:
आतून घासू नकोस.
रोज पाणी उकळ, तेच पी.
चहा जेवणानंतर तासाभराने.

चहा तासाभराने!
चाळीस वर्षं चहासाठीच किटल्या ओतणाऱ्या माणसाला
हे कुणी सांगितलं?
कुणाला विचारलं असेल, दाढीवरून हात फिरवत,
आणि कुठल्या शब्दांत?

डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्यात, पोट कुरकुरतं.
रविवारी शिंपले आणते, कोमात्सुनाची जुडी,
वरून आंबट फळ पिळते, म्हणजे लोह अंगाला लागतं म्हणे.
मिनाहोला डबा दाखवला. ती म्हणाली, "एवढं?"
आणि माझ्यातलं अर्धं खाल्लं.

तीन महिन्यांनी अकरा पूर्णांक नऊ.
"जवळ आलात," नर्स म्हणाली.
व्हॅनिला.

काल किटलीच्या तळाशी लाल ठिपके दिसले.
घाबरून फोन केला. बाबा हसले,
गेल्या कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं ते हसू.
"चहाचा चोथा टाक आणि उकळ.
चहा लोखंडाला घट्ट धरतो."
पोटात वैरी, किटलीत वैद्य;
एकच पान.
पाणी शाईसारखं काळं झालं, ओतून दिलं.
दुसऱ्यांदा राखी.
तिसऱ्यांदा नितळ आलं, ते प्याले,
किंचित आमच्या अंगणासारखं लागलं.

मग ऑफिस, मग जिना.
तिसऱ्या मजल्यावर थांबले.
फोन काढला नाही. नुसतीच थांबले.